वर्गणी गोळा करायला एमएस्सी केलीस का?

(वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं)

प्रश्न : ताई नमस्कार. मी पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलंय, गाव गडहिंग्लजकडचं, सध्या पुण्यात वन्यजीव संवर्धनाचं काम करणाऱ्या एका संस्थेत सहा महिन्यांची इंटर्नशिप लागलीय. मला वाटलेलं कॅमेरा ट्रॅप लावायला मिळतील, जंगलात फिरायला मिळेल, पण मला टाकलंय फंडरेझिंग टीममध्ये आणि सांगितलंय की आमच्या सगळ्या प्रोसेस लिहून काढ. टीम चार जणांची. सगळं काही एका सिनियर मॅडमच्या डोक्यात आहे, त्यांना विचारलं की म्हणतात "अगं ते होतंच की, त्यात लिहिण्यासारखं काय आहे". मैत्रिणी ताडोब्याचे स्टेटस टाकतायत आणि घरी बाबा विचारतात, वर्गणी गोळा करायला एमएस्सी केलीस का. सुरुवात कुठून करू, आणि याचा मला पुढे उपयोग काय?
– एक वाचक, पुणे

ताईचं उत्तर : बाबांना सांग की हो, वर्गणीच. जंगलात जो माणूस पहाटे उठून फिरतो त्याचा पगार कुठूनतरी येतो ना, तो या वर्गणीतून येतो. अरुणाचलमध्ये पक्के व्याघ्र प्रकल्पाला लागून धनेश पक्ष्याची घरटी दत्तक द्यायचा एक कार्यक्रम २०११-१२ पासून चालू आहे, नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन, तिथलं वनखातं आणि न्यिशी समाजातल्या गावच्या बुजुर्गांची घोरा-आभे ही संस्था असे तिघं मिळून तो चालवतात. शहरातला माणूस पैसे देतो आणि त्यातून घरट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्याच माणसांचे पगार निघतात, त्यातले काहीजण पूर्वी शिकारीला जायचे. आता गंमत बघ. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते आणि आत अंडी घालते, नर बाहेरून फटीतून तिला भरवत राहतो, हे सगळं उरकून पिल्लू बाहेर पडेपर्यंत काही महिने जातात. मध्येच एखाद्या देणगीदाराचा फोन आला की "माझ्या घरट्यात पिल्लं किती झाली?", तर त्याला काय सांगायचं, कोणी सांगायचं, फील्डवरून बातमी कोणाकडे येते, ती ऑफिसात कुठल्या फाईलमध्ये चढते? हीच प्रोसेस. आणि ती नीट लिहायला ढोलीत काय चाललंय हे कळणारा माणूस लागतो. कॉमर्सवाल्याला ते कळायला वेळ लागेल, तुला लागणार नाही.

आता सुरुवात. मॅडमना "तुमची प्रोसेस काय आहे" असं विचारूच नकोस, त्या प्रश्नाला जगात सगळीकडे "काही नाही गं, सोपं आहे" हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा एक देणगी पकड आणि ती जिथं जिथं जाईल तिथं तिच्या मागे मागे जा. समजा कोणीतरी वेबसाईटवर कार्डनं १००० रुपये दिले. पेमेंट गेटवे, म्हणजे मधे राहून ऑनलाईन पैसे गोळा करून देणारी कंपनी, त्यातून आपलं कमिशन कापतो, समजा २ टक्के धरलं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे गेले २३ रुपये ६० पैसे, आणि संस्थेच्या खात्यात आले ९७६ रुपये ४० पैसे, तेही एक-दोन दिवसांनी आणि तेही एकटे नाहीत, त्या दिवशीच्या सगळ्या देणगीदारांचे पैसे एकत्र होऊन एकच आकडा बँकेच्या स्टेटमेंटला दिसतो. पावती मात्र पूर्ण १००० ची द्यायची, कारण माणसानं दिलेत १०००, मधले गेटवेनं घेतले तो संस्थेचा खर्च. मग तो एकच आकडा फोडून कोणाचे किती हे जुळवतं कोण? रोज जुळवतं का महिन्याच्या शेवटी? ३१ मार्चला रात्री कोणी पैसे दिले आणि बँकेत २ एप्रिलला जमा झाले तर पावती कुठल्या वर्षाची फाडायची? हा निर्णय तुझा नाही, तो अकाउंट्सचा आणि सीएचा, पण तो कुठंतरी लिहिलेला आहे का हे बघणं तुझं काम. बहुतेक नसतोच. दरवर्षी एप्रिलमध्ये तोच वाद नव्यानं होतो.

तिथून पुढे जा. ८०जी ची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची, सवलत पाहिजे तर देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन लागतो. पावती दिली की संपलं असं पूर्वी असायचं, आता नाही. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून संस्थेला सगळ्या देणग्यांची यादी १०बीडी नावाच्या फॉर्ममध्ये ३१ मे पर्यंत आयकर खात्याकडे भरावी लागते आणि मग पोर्टलवरून प्रत्येकाचं १०बीई सर्टिफिकेट काढून त्याला पाठवावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी, वर दंड वेगळा, तो १० हजारापासून १ लाखापर्यंत जाऊ शकतो. आता विचार कर, वर्षभर ज्या पोरानं फोनवर ऐकून पॅन लिहून घेतले त्यानं कुठं बी च्या जागी डी लिहिलं असेल, तर ते सापडणार मे महिन्यात, शेवटच्या आठवड्यात, जेव्हा सगळी टीम डोक्याला हात लावून बसलेली असते. म्हणून पॅन तपासायची पायरी देणगी आली त्याच आठवड्यात हवी. तू जी प्रोसेस लिहिशील त्यात ही एक ओळ जरी बसली तरी तुझे सहा महिने वसूल.

आणखी एक फोन एप्रिल ते जुलै हमखास येतो, "मला नवीन रेजीममध्ये ८०जी मिळत नाहीये, तुमच्या माणसानं तर मिळेल सांगितलं होतं". नवीन कर प्रणाली घेतली की ८०जी ची वजावट मिळत नाही, जुनी घेतली तरच मिळते. पैसे मागतानाच हे सांगायचं की नंतर शिव्या खायच्या, हे टीमनं ठरवायचं, पण काय बोलायचं ती दोन वाक्यं लिहून फोनवाल्या मुलांच्या समोर चिकटवलेली पाहिजेत. माझं मत विचारशील तर आधीच सांगावं. ज्याला धनेशासाठी द्यायचेत तो तरीही देतो.

आता मॅडम. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बस आणि त्या काम करत असताना बघ, मध्ये मध्ये फक्त एवढंच विचार की "मॅडम, यात शेवटचा घोळ कधी झाला होता?" बस, मग त्या थांबणार नाहीत. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये काय झालं विचार. रिझर्व्ह बँकेचा ऑटो-डेबिटचा, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याचा, नियम तेव्हा लागू झाला, पैसे कापायच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं, मँडेट (पैसे कापायची परवानगी) नव्यानं ओटीपी देऊन नोंदवायचं, त्या गडबडीत कार्डावरचे भरपूर जुने मासिक हप्ते धडाधड बंद पडले. दरमहा ५०० देणारे किती जण गेले, त्यातल्या कोणाला परत फोन केला, कोणाला नाही, कोण रागावलं, हे सगळं त्यांना पाठ असेल. हे अपवाद म्हणजेच खरी प्रोसेस, सरळ रस्ता तर कोणालाही दिसतो.

आणि त्यांची एक्सेल शीट उघडायला मिळाली तर शेवटचा "रिमार्क" नावाचा कॉलम बघ. प्रत्येक संस्थेत असा एक कॉलम असतो. त्यात असं काय काय लिहिलेलं असतं, "४ नंतरच फोन", "काकूंशी बोला, काका चिडतात", "वाघासाठीच देतात, सापाचं नाव काढू नका", "मुलगा वारला, त्याच्या वाढदिवसाला देतात, रिमाइंडर मेल पाठवू नये". त्या शेवटच्या माणसाला जर नवीन सिस्टिमनं आपोआप "तुमची देणगी ड्यू आहे" असा हसऱ्या वाघाचा मेल पाठवला तर काय होईल सांग. तुला नवीन सॉफ्टवेअरमध्ये सगळं हलवायला सांगतील तेव्हा हा कॉलम पहिला उडतो, कारण त्याला सॉफ्टवेअरमध्ये खाना नसतो. तू भांडून तो खाना करून घे. त्याच वेळी हेही लक्षात ठेव की ही लोकांची खाजगी माहिती आहे, डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पॅनकार्डाचे फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडून असतील (असतातच) तर ते बंद करायची पायरीसुद्धा तुझ्या कागदात आली पाहिजे, आणि तुझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर यातलं काही उतरवून घेऊ नकोस.

मॅडमना थोडी भीतीही असू शकते बरं का, की हे सगळं लिहून झालं की आपली गरज काय. त्यामुळे पहिला मसुदा साहेबांना दाखवायच्या आधी त्यांना दाखव, चुका त्यांना काढू दे, आणि कागदाच्या वर "माहिती" म्हणून त्यांचं नाव टाक. तुझं नाव खाली. याला मस्का म्हणत नाहीत, माहिती खरंच त्यांची आहे.

लिहिताना ऐंशी पानांचं पुस्तक करू नकोस, कोणी वाचत नाही. एका कामाला एक पान : हे काम कधी सुरू होतं, कोण करतं, फाईल कुठं आहे, अडलं तर निर्णय कोणाचा, हे पान शेवटचं कधी तपासलं. स्क्रीनशॉट कमी टाक, पोर्टलचा चेहरा बदलला की ते सगळे जातात. कायद्याचे नंबर तर पानोपानी लिहूच नकोस, १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा, त्यात कलमांचे नंबर वेगळे, लोक अजून बरीच वर्षं "८०जी" च म्हणणार हे वेगळं, पण तुझ्या कागदात तो नंबर एकाच पानावर असला तर बदलायला एक मिनिट लागेल. एक पान फक्त तारखांचं कर. ३१ मार्च, ३१ मे, परदेशी निधी असेल तर त्याचं वार्षिक विवरण एफसी-४, ते ३१ डिसेंबरपर्यंत, कंपन्यांच्या सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठी दिलेल्या पैशांचे, रिपोर्ट ज्याच्या त्याच्या करारात असतील तसे, आणि त्याच पानावर फील्डच्या तारखा, घरटी कधी, गणना कधी, वणव्याचे महिने कोणते. मार्चमध्ये फील्डची माणसं वणव्याच्या मागे पळत असतात आणि नेमकं तेव्हाच ऑफिसातून फोन जातो की सीएसआर रिपोर्टला फोटो पाठवा. दोन्ही एका पानावर दिसले तर फोटो फेब्रुवारीत मागता येतात, एवढं साधं आहे ते.

झालं की ते पान अशा माणसाला दे ज्याला त्यातलं काही माहीत नाही, शेजारच्या टीममधली नवीन मुलगी चालेल, आणि ती ते बघून काम करत असताना तू गप्प बस. तोंडातून शब्द काढायचा नाही. ती जिथं अडकेल तिथं तुझं पान कच्चं आहे.

उपयोगाचं म्हणशील तर उद्या तू स्वतः संशोधन करायला गेलीस तरी पैसे मागायला कोणीतरी लागतंच, आणि "हा खर्च कुठल्या हेडमध्ये, ही देणगी कॉर्पसची (कायम ठेवीची) का प्रोजेक्टची" एवढं कळणारे फील्डवाले फार कमी आहेत. निघताना खोटी नावं-आकडे घालून दोन-तीन पानं नमुना म्हणून न्यायची परवानगी लेखी घे, आणि एकदा तरी फील्डवर पाठवा असं आत्ताच, पहिल्या महिन्यातच सांगून ठेव, शेवटच्या महिन्यात कोणी पाठवत नाही.

प्रश्न : आम्ही कोकण किनाऱ्यावर कासवांचं काम करतो, छोटी संस्था आहे, काम करणारी माणसं तीन, त्यातला मी एक. वरचे सगळे एसओपी-बिसोपी, म्हणजे काम कसं करायचं ते लिहिलेले कागद, मोठ्या संस्थांचे लाड वाटतात. आम्हाला कशाला पाहिजे?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

ताईचं उत्तर : दादा, तिघांतला एक आजारी पडला की तुमची एक तृतीयांश संस्था झोपते, म्हणून. पण तुम्हाला मी तीनच कागद करा म्हणेन. पहिला, नोंदणीच्या तारखा. ८०जी ची नोंदणी आता कायमची नसते, नवीन संस्थेला तात्पुरती मिळते ती ३ वर्षांची, नंतरची ५ वर्षांची, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६ महिने आधी करावा लागतो. ती तारीख कोणाच्या डोक्यात असून उपयोग नाही, भिंतीवर पाहिजे. सीएसआरचे पैसे हवे असतील तर सीएसआर-१ या फॉर्मची नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून लागते तीही झालीय का बघा, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात प्राणी-वनस्पतींचं संरक्षण स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे तुमचं काम त्यात बसतं, फक्त कागद नसले की कंपनीवाले फोन उचलायचे थांबतात.

दुसरा कागद, पिल्लं सोडायच्या दिवसात पर्यटक येतात तेव्हाच्या रोख पैशाचा. २००० रुपयांच्या वर रोख घेतली तर देणाऱ्याला ८०जी मिळत नाही, हे पेटी ठेवलीय तिथंच लिहा आणि शेजारी क्यूआर लावा. पेटीत निनावी पडतात त्यांचंही बघा. वर्षाच्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातलं जे जास्त असेल त्याच्या वरच्या निनावी रकमेवर ३० टक्के कर लागू शकतो. तुमची पेटी तिथवर जाणार नाही बहुतेक, पण पेटी कोण उघडतं, किती जणांसमोर मोजतं आणि सह्या कोण करतं हे लिहिलेलं असलं की गावात चर्चा होत नाही. गावातल्या चर्चेचं तुम्हाला मी काय सांगू.

तिसरा, पासवर्ड कोणाकडे आहेत. आयकर पोर्टलचा ओटीपी ज्याच्या मोबाईलवर जातो तो माणूस जर संस्था सोडून मुंबईला गेला असेल तर आजच बदलून घ्या. इंटर्न मिळाला तर ठेवा, पण त्याला जेवण-राहणं आणि थोडंतरी मानधन द्या, "अनुभव मिळेल" एवढ्यावर पोरं राबवू नका.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते, मूळची साताऱ्याची, ओसीआय कार्ड आहे. दरवर्षी सह्याद्रीत काम करणाऱ्या एका संस्थेला माझ्या पुण्यातल्या बँकेच्या खात्यातून रुपयांत पैसे पाठवते. या वर्षी तिथल्या कोणा इंटर्न मुलीनं फोन करून पासपोर्ट कुठला विचारला आणि पैसे चक्क परत पाठवले! माझेच रुपये, माझंच खातं, माझाच देश. हा काय प्रकार?
– एक वाचक, न्यू जर्सी

ताईचं उत्तर : राग येणं साहजिक आहे हो, पण त्या मुलीनं संस्था वाचवली. परदेशी निधीच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, पैसा कुठल्या चलनात आला, कुठल्या खात्यातून आला हे बघत नाहीत, देणाऱ्याचं नागरिकत्व बघतात. ओसीआय म्हणजे कायद्यानं परदेशी नागरिकच, त्यामुळे तुमचे पुण्याच्या खात्यातले रुपयेसुद्धा परदेशी निधी ठरतात. असा निधी घ्यायचा तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो थेट स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, दुसऱ्या खात्यात आला की उल्लंघन. एका संस्थेनं घेऊन दुसरीला द्यायचे हा पूर्वीचा रस्ताही त्याच दुरुस्तीनं बंद झाला. याआधी तुमचे पैसे घेतले गेले ते कोणी विचारलं नाही म्हणून, चालतं म्हणून नाही, आणि ते जुने व्यवहार आता संस्थेला त्यांच्या सीएच्या समोर ठेवावे लागतील, तेव्हा त्यांनी जुन्या तारखा विचारल्या तर चिडू नका.

संस्थेकडे नोंदणी आहे का विचारा, असेल तर ते तुम्हाला दिल्लीच्या खात्याचे डिटेल्स देतील, तिथं पाठवा. नसेल तर ज्या संस्थेकडे आहे अशी दुसरी शोधा. "आईच्या खात्यात टाकते, ती देईल" हा उद्योग मात्र करू नका, सत्तरी ओलांडलेल्या बाईला चौकशीला सामोरं जायला लावाल. तुमच्या यजमानांचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर गोष्ट वेगळी, भारतीय नागरिक परदेशात राहत असला तरी त्यानं स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी निधी धरत नाहीत. त्यांनी पासपोर्टची प्रत आणि पॅन जोडून त्यांच्याच खात्यातून पाठवावेत, पावतीही त्यांच्याच नावानं येईल, तुमच्या नावानं मागू नका.